अश्वाची नवी चाकरी

व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या आसपासच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवर सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मनुष्याने ज्या घोड्यांना माणसाळवले, त्यांच्या वंशजांनी पुढे जगाच्या इतिहासाचा केवढा तरी भार आपल्या पाठीवर वाहिला. साम्राज्ये पसरली ती त्यांच्या टापांबरोबर, टपाल धावले ते त्यांच्या दमावर, आणि आपल्या मराठी मुलखाचा इतिहास तर पागा, शिलेदार, बारगीर, मोतद्दार या मंडळींना वगळून लिहिताच यावयाचा नाही. विसाव्या शतकात मोटारीने आणि रणगाड्याने ही सारी कामे त्याच्याकडून काढून घेतली, तेव्हा शर्यतीचे मैदान, लग्नाची वरात आणि थंड हवेच्या ठिकाणची रपेट एवढ्यापुरताच हा उमदा प्राणी आता उरणार, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्याच शतकाच्या उत्तरार्धात एक सर्वस्वी नवी चाकरी त्याच्या वाट्यास आली. ज्या मुलांना माणसांच्या गजबजलेल्या जगात वावरणे अतिशय कष्टाचे होते, त्यांना शिकण्याच्या आणि स्थिरावण्याच्या कामी साहाय्य करणे, ही ती चाकरी होय. स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या, मुलामुलींसाठी अश्वाच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या उपचारांविषयी आज पालकांमध्ये औत्सुक्य वाढत आहे. या उपचारांचे स्वरूप काय, त्यांमागील कारणमीमांसा काय आणि त्यांच्यापासून अपेक्षा किती ठेवावी, याचा विचार म्हणूनच शांतपणे करावयास हवा.

स्वमग्नतेचे पहिले शास्त्रीय वर्णन लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९४३ साली प्रसिद्ध केले. त्याच्या त्या निबंधात अकरा मुलांची हकीकत होती. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथे हान्स ॲस्परगर याने अशाच मुलांविषयी लिहिले. त्यानंतरच्या काही दशकांत आईच्या मायेच्या अभावामुळे मूल असे होते, हा निराधार आणि क्रूर समज पुष्कळ पसरला आणि असंख्य मातांनी तो आरोप मुकाट्याने सोसला. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे, तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि संगोपनातील उणिवेशी तिचा संबंध नाही, हे आता निःसंशय मान्य झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर शंभर मुलांमागे सुमारे एक मूल या वर्गात मोडते. त्यांतील काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही प्रौढासारखी सफाईने बोलतात. परंतु समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव, बोलण्यातील गर्भितार्थ आणि संभाषणातील पाळी ओळखणे यांपैकी बहुतेकांना अवघड जाते. ठरलेल्या क्रमात बदल झाला की जीव कासावीस होतो. आवाज, प्रकाश आणि स्पर्श या संवेदना कधी असह्य तीव्र होतात, तर कधी पुरेशा जाणवतच नाहीत. ही अवस्था समूळ घालविण्याचा इलाज नाही, आणि तिच्याकडे रोग म्हणून पाहणेही योग्य नाही. मुलाचे दैनंदिन जीवन सुकर करणे आणि त्याचे गुण वाढीस लावणे, एवढेच कोणत्याही उपचाराचे उचित प्रयोजन होय.

घोड्याचा उपयोग प्रथम झाला तो मात्र मनासाठी नव्हे, शरीरासाठी. डेन्मार्कमधील लिस हार्टेल ही तरुण अश्वारोहक १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पोलिओने आजारी पडली. त्या वेळी ती गर्भवती होती. यथावकाश तिची कन्या सुखरूप जन्मली, परंतु हार्टेलच्या गुडघ्यांखालील पायांत शक्ती परत आली नाही. तरीही तिने खोगीर सोडले नाही. घोड्यावर चढताना आणि उतरताना दुसऱ्याचा आधार घ्यावा लागत असतानाही तिने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, जेथे ड्रेसाज या अश्वविद्येच्या स्पर्धेत स्त्रियांना पुरुषांबरोबर उतरण्याची मुभा प्रथमच मिळाली होती, ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून रौप्यपदक मिळविले, आणि १९५६ साली स्टॉकहोम येथे ते पुन्हा जिंकून दाखविले. या यशाने युरोपातील भौतिकोपचारतज्ज्ञांचे लक्ष अश्वारोहणाकडे वेधले. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या देशांत १९६० नंतरच्या दशकात ‘हिपोथेरपी’ ही पद्धती आकारास आली. ब्रिटनमध्ये आणि उत्तर अमेरिकेत अपंगांच्या अश्वारोहणासाठी राष्ट्रीय पातळीवरील संस्था १९६९ साली, योगायोगाने एकाच वर्षी, स्थापन झाल्या. पोलिओ आणि मेंदूचा पक्षाघात यांनी पीडित मुलांसाठी उघडलेल्या या पागांतूनच पुढे स्वमग्न मुलांनी प्रवेश केला आणि आज अनेक केंद्रांत त्यांची संख्या लक्षणीय आहे.

या उपचारांचे तीन प्रकार आहेत आणि पालकांनी त्यांतील भेद ध्यानी घेणे इष्ट आहे. पहिला प्रकार हिपोथेरपीचा. येथे परवानाधारक भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा वाचोपचारतज्ज्ञ घोड्याच्या चालीचा आपल्या उपचारातील एक साधन म्हणून उपयोग करतो. मुलाने घोडेस्वारी शिकावी, हा त्यामागील उद्देश नसतो. दुसरा प्रकार उपचारात्मक अश्वारोहणाचा. तेथे प्रशिक्षित शिक्षक मुलाला खरोखरच घोडा हाकण्यास शिकवितो आणि त्या शिकण्याच्या ओघात लक्ष, संयम, वाणी व सहकार्य यांची जोपासना होते. तिसऱ्या प्रकारात स्वारी नाहीच. घोड्याला खरारा करणे, त्याला चारा-पाणी देणे, दोर धरून त्याला फिरविणे, तबेला साफ करणे अशी कामे त्यात असतात. उंचीची धास्ती घेणाऱ्या मुलांना आणि विशेषतः वयात आलेल्या, वजनाने वाढलेल्या तरुणांना हा तिसरा मार्ग फार मानवतो.

स्वारीचा एखादा पाठ कसा चालतो, हे जवळून पाहिले म्हणजे या पद्धतीचे मर्म आपोआप कळते. पाठाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर आधीच लावलेला असतो: शिरस्त्राण, खरारा, खोगीर, चढणे, फिरणे, उतरणे, घोड्याचे आभार, घर. पुढे काय घडणार हे मुलाला दिसत असल्याने अनिश्चिततेची भीती ओसरते आणि एकेक काम उरकले की मूल आपल्याच हाताने ते चित्र काढून ठेवते. प्रथम खरारा. मानेपासून पाठीकडे, केसांच्या दिशेने, एकसारख्या हाताने ब्रश फिरवावयाचा. ज्या मुलाला माणसाचा नुसता स्पर्शही सोसवत नाही, ते कित्येकदा घोड्याच्या ऊबदार अंगावर तळहात टेकवून स्वस्थ उभे राहते, कारण येथे स्पर्श किती वेळ आणि किती जोराने करावा हे त्याचे तेच ठरवीत असते. मग तंग आवळला जातो, उतरणीच्या लाकडी चौथऱ्यावरून मूल खोगिरावर बसते, एक मदतनीस घोड्याचा दोर धरतो आणि दोघे दोन बाजूंना उभे राहतात. घोडा मात्र जागचा हलत नाही. शिक्षक थांबतो, मदतनीसही थांबतात. सर्वजण मुलाच्या हुकमाची वाट पाहतात. बोलता येणाऱ्या मुलाने ‘चल’ म्हणावयाचे, न बोलणाऱ्याने चित्रावर बोट ठेवावयाचे किंवा टाचेने हलकी खूण करावयाची, आणि ती खूण होताच घोडा पाऊल उचलतो. ‘थांब’ म्हटले की थांबतो. आपल्या एका शब्दाने अथवा एका खुणेने एवढा बलाढ्य प्राणी चालू लागतो, हा अनुभव त्या मुलाच्या दृष्टीने असामान्य होय; कारण संवाद साधला असता जगात काहीतरी घडते, याचा इतका तात्काळ आणि इतका निर्विवाद दाखला त्याला अन्यत्र क्वचितच मिळतो.

याची कारणे शोधू लागले असता प्रथम घोड्याच्या चालीचा विचार करावा लागतो. घोडा कदम चालीने चालत असताना त्याच्या पाठीची हालचाल पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळणाची अशी तिन्ही अंगांनी होते, आणि ती स्वाराच्या कटिप्रदेशाला जवळजवळ तशीच गती देते जशी मनुष्य स्वतःच्या पायांनी चालताना त्याला मिळते. त्यामुळे तोल, धडाची बळकटी आणि स्वतःच्या शरीराची जाणीव यांना सतत व्यायाम घडतो. त्या चालीतील एकविध लय अनेक मुलांना शांत करते, तर दुडक्या चालीतील हादरे, ज्यांना तीव्र संवेदनेची भूक असते त्यांना तृप्त करतात. चाणाक्ष शिक्षक मुलाची अवस्था पाहून चाल बदलतो.

दुसरे कारण घोड्याच्या स्वभावात आहे. घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी एक असल्यामुळे सभोवतालच्या अत्यंत सूक्ष्म बदलांची दखल घेणे, हे त्याच्या जीवितरक्षणाचे साधन ठरले. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असून कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागचा पट्टा वगळता तो जवळजवळ सभोवार पाहू शकतो. त्याचे कान एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात, आणि अंगावर बसलेली माशीसुद्धा त्याच्या कातडीला कळते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली अठ्ठावीस घोड्यांना माणसांच्या रागीट व हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली, तेव्हा रागीट चेहऱ्याकडे घोडे अधिककरून डाव्या डोळ्याने पाहू लागले आणि त्यांच्या हृदयाची गती लवकर वाढली. अशा जागरूक प्राण्याजवळ मूल किंचाळले की तो मागे सरतो आणि शांत झाले की जवळ येतो. त्याच्या वागण्यात ढोंग नसते, उपरोध नसतो, मनात एक आणि ओठांवर दुसरे असा प्रकार नसतो. मनुष्याच्या चेहऱ्यावरील मिश्र भाव ज्यांना उलगडत नाहीत, त्यांना घोड्याचे कान मात्र वाचता येतात: पुढे वळले तर कुतूहल, मागे चिकटले तर नाराजी. दुसऱ्याच्या मनाची दखल घेण्याचा हा पहिला धडा सोपा असल्यानेच तो पचतो.

टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न असलेल्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विदुषीचे जीवन या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. १९४७ साली जन्मलेल्या ग्रँडिन यांना शाळकरी वयात सहाध्यायांकडून छळ सोसावा लागला. न्यू हॅम्पशायरमधील निवासी शाळेत त्यांच्याकडे घोड्यांच्या तबेल्याचे काम आले आणि ते त्यांनी मनापासून केले. गुरांना स्थिर धरणाऱ्या पिंजऱ्यात जनावरे दाबाने शांत होतात हे पाहून त्यांनी स्वतःच्या अंगाला तसाच खोल दाब देणारे यंत्र तयार केले, आणि पुढे गुरांच्या मानवतावादी हाताळणीच्या क्षेत्रात त्या जगन्मान्य झाल्या. रोजच्या रोज तबेला झाडण्याची, दाणापाणी वेळेवर देण्याची आणि आपल्यावाचून कोणाचे तरी अडते या जाणिवेची तरुण मनाला केवढी गरज असते, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. बालपण सरल्यावर उपचारांचे दरवाजे बहुधा बंद होतात, आणि स्वमग्न तरुणापुढे रिकाम्या दिवसांचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी तबेल्यातील नियमित काम हे उपचार, शिक्षण आणि पुढे कदाचित रोजगार, असे तिहेरी साधन होऊ शकते.

आता पुराव्याकडे वळू. रूपर्ट आयझॅक्सन या लेखकाने आपल्या स्वमग्न मुलासह मंगोलियात घोड्यांवरून केलेल्या प्रवासाची कथा २००९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि या विषयाला जगभर प्रसिद्धी मिळाली. परंतु एका पित्याची कथा कितीही हृदयस्पर्शी असली तरी तिला शास्त्रीय प्रमाण म्हणता येत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी चौतीस मुलांवर केलेला अभ्यास प्रकाशित झाला. बारा आठवडे अश्वारोहण केलेल्या मुलांची सामाजिक सहभागाची ओढ आणि संवेदनांचे नियमन ही प्रतीक्षायादीतील मुलांपेक्षा सुधारलेली आढळली. त्याहून भक्कम अभ्यास कोलोरॅडोतील रॉबिन गॅब्रिएल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा ते सोळा वर्षांच्या १२७ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटाने दहा आठवडे घोडेस्वारी केली. दुसरा गट त्याच प्रकारच्या आवारात, तशाच शिक्षकांकडून घोड्यांविषयी शिकला, परंतु जिवंत घोड्याऐवजी त्याला घोड्याएवढी भरीव प्रतिकृती देण्यात आली. ही तजवीज फार विचारपूर्वक केलेली होती. कारण मोकळी हवा, नवे ठिकाण आणि मायाळू शिक्षक यांचा परिणाम कोणता आणि प्रत्यक्ष घोड्याचा कोणता, हे तीमुळे वेगळे काढता आले. स्वारी करणाऱ्या गटात चिडचिड व अतिचंचलता यांत पाचव्या आठवड्यापासूनच घट दिसू लागली, सामाजिक आकलन व संवाद सुधारला आणि मुलांच्या बोलण्यातील एकूण शब्द व निरनिराळे शब्द दोन्ही वाढले.

असे असले तरी हर्षभरित होऊन अतिशयोक्ती करणे मुलांच्या हिताचे नाही. मानसिक विकारांवरील अश्वसाहाय्यित उपचारांचे चौदा अभ्यास तपासून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेने त्यांच्या रचनेतील गंभीर दोष दाखविले आणि या उपचारांचा प्रचार पुराव्याच्या फार पुढे गेल्याचा निर्वाळा दिला. गॅब्रिएल्स यांच्या अभ्यासाने त्यांतील काही दोष दूर केले, सगळे नव्हेत: कोणते मूल घोड्यावर बसते हे त्याच्या आईबापांना ठाऊक असतेच, आणि त्यांच्या आशेची छाया त्यांनी भरलेल्या प्रश्नावलीवर पडू शकते. सबब वाचोपचार, व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षण यांची जागा घोड्याने घ्यावी, अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. त्यांच्या जोडीला, मुलाला त्याची आवड असेल तर, अश्वसान्निध्य हे उपकारक पूरक साधन आहे, एवढे मात्र आत्मविश्वासाने म्हणता येते.

सुरक्षितता आणि घोड्याचे कल्याण या दोन गोष्टींबाबत कोणतीही तडजोड मान्य होण्यासारखी नाही. चारशे-पाचशे किलो वजनाचा प्राणी स्वभावाने कितीही गरीब असला तरी दचकतो. म्हणून शिरस्त्राण, पडण्याच्या प्रसंगी पाय मोकळा होईल अशी रिकीब, दोन्ही बाजूंचे मदतनीस आणि प्रशिक्षित शिक्षक यांचा बंदोबस्त अनिवार्य आहे. स्वमग्न मुलांत अपस्माराचे झटके इतर मुलांपेक्षा अधिक आढळत असल्याने डॉक्टरांची अनुमती घेतल्याखेरीज मुलाला घोड्यावर बसवू नये. या कामासाठी घोडाही पारखून निवडावा लागतो. व्हीलचेअरची खडखड, अचानक आलेली किंकाळी, आयाळीला बसलेला हिसका हे सारे सोसण्याची तयारी त्याच्याकडून महिनोन्महिने करून घ्यावी लागते. शर्यतीतून निवृत्त झालेला प्रत्येक घोडा त्यास योग्य ठरत नाही. एकाच लयीत, असमतोल बसलेल्या स्वारांना घेऊन फिरणे घोड्याच्या पाठीला आणि मनाला थकविणारे असते. त्याला दिवसाचे मोजके पाठ, मोकळे चरणे, आपल्या जातभाईंचा सहवास आणि पशुवैद्याची नियमित तपासणी मिळाली पाहिजे. पिडलेला घोडा मुलाला शांत करू शकत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ ने स्वमग्नतेची दखल घेतली आणि दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा स्पष्ट समावेश केला. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षणही आहे. अश्वोपचार मात्र अद्याप मोजक्या शहरांपुरते आहेत आणि त्यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. महाराष्ट्रात अश्वारोहणाच्या शाळा आहेत, पुण्या-मुंबईस शर्यतीची मैदाने आहेत, पशुवैद्यकाची महाविद्यालये आहेत आणि स्वमग्न मुलांसाठी तळमळीने झटणारे विशेष शिक्षकही आहेत. या चार घटकांना एकत्र आणण्याचे काम एखाद्या विश्वस्त संस्थेने अंगावर घेतले, तर तबेल्यातील कामावर आधारलेले, कमी खर्चाचे वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणीही चालविता येतील.

तोवर पालकांना एवढीच विनंती की, माथेरानच्या किंवा महाबळेश्वरच्या रपेटीत मूल हसले म्हणून तिला उपचार समजू नये, आणि महिन्याभरात मूल ‘बरे’ करून देण्याचे आश्वासन देणाऱ्याच्या हाती पैसे ठेवू नयेत. शिक्षकाचे प्रशिक्षण कोणते, मदतनीस किती, घोडा दिवसाला किती पाठ करतो, मुलासाठी ठरविलेले उद्दिष्ट कोणते आणि त्याची नोंद कशी ठेवली जाते, हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. प्रवेश घेण्यापूर्वी एखादा पाठ कुंपणापाशी उभे राहून प्रथमपासून अखेरपर्यंत पाहावा. मूल आणि घोडा दोघेही निर्धास्त दिसले तर नाव नोंदवावे. दोघांपैकी एकही घाबरलेला दिसला तर परत फिरावे.